हँडल मध्येच अडतं तेव्हा: रीलोडिंगच्या एका वर्गाचं प्रकरण

अमेरिकेतल्या एका नेमबाजी क्लबात नवशिक्यांना पिस्तुलाची काडतुसं घरच्या घरी भरायला शिकवण्याचा वर्ग चालतो. झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी उचलून ठेवायची, ती दाबून मूळ मापात आणायची, वापरलेला प्रायमर (बुडाशी बसणारी, ठोका बसताच पेटणारी छोटी टोपी) काढून नवा बसवायचा, मोजून पावडर, म्हणजे दारू, घालायची आणि तोंडावर नवी गोळी बसवायची. या कामाला रीलोडिंग म्हणतात. या वर्गातून शिकून गेलेल्या एका सभासदाने स्वतः भरलेल्या पहिल्याच शंभर काडतुसांमधल्या एकाची गोळी नळीत अडकून बसली. त्याला खरचटलंसुद्धा नाही. पण उरलेली काडतुसं उघडल्यावर आत जे सापडलं, ते नळीतल्या गोळीपेक्षा कितीतरी भयंकर होतं. वर्गाच्या शिक्षकांनी काडतुसं भरायचा प्रेस, तराजू, नोंदवही, काडतुसं सगळं टेबलावर मांडलं, आम्हा काही जुन्या सभासदांना बोलावलं आणि विचारलं, वर्गात इतकं नीट करणाऱ्या माणसाच्या हातून घरी हे कसं झालं?

हे टिपण त्या चौकशीचं आहे. माणसांची आणि क्लबची नावं दिलेली नाहीत, कारण त्यांच्यावाचून काही अडत नाही.

आधी कायद्याचं. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी काडतुसं भरायला संघराज्याचा परवाना लागत नाही. धंदा म्हणून बनवून विकायची असतील तर टाइप ०६ परवाना लागतो. राज्यांचे आणि शहरांचे नियम याहून कडक असू शकतात. भारतात मात्र १९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं हा गुन्हा आहे. तेव्हा पुढचं सगळं अमेरिकेतल्या एका क्लबापुरतं समजावं. पावडरीची मापंही इथे दिलेली नाहीत. ती पावडर आणि गोळी बनवणाऱ्यांच्या छापील पुस्तिकेतूनच घ्यायची असतात, माझ्याकडून किंवा आणखी कुणाकडून नव्हे.

रेंजवर काय घडलं

पिस्तूल ९ मिमीचं, सेमी-ऑटोमॅटिक. पहिलं मॅगझिन सुरळीत गेलं. दुसऱ्यातल्या चौथ्या-पाचव्या काडतुसाला नेहमीच्या धडाक्याऐवजी नुसता ‘फट्’ असा आवाज आला. हाताला धक्का बसला नाही, स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे गेली नाही. पुढच्या क्षणी त्याच्या डाव्या हाताने मॅगझिनच्या बुडावर थाप मारली, स्लाइड मागे ओढून सोडली आणि बोट चापाकडे निघालं. शेजारी उभ्या असलेल्या रेंज ऑफिसरने तो आवाज ओळखला होता. ते ओरडले, ‘थांब!’ बोट थांबलं.

थाप मारायची, स्लाइड ओढायची, पुन्हा नेम धरायचा ही कवायत त्याला स्पर्धेच्या सरावात शिकवलेली होती आणि तिथे ती योग्यच आहे. चाप ओढल्यावर नुसती ‘टिक’ ऐकू आली, प्रायमर पेटलाच नाही किंवा काडतूस नीट वर आलं नाही, तर स्पर्धेत हेच करतात. पण ‘फट्’ हा वेगळा आवाज आहे. त्याचा अर्थ असा की प्रायमर पेटला आणि काहीतरी पुढे सरकलं. दोन्ही आवाज ऐकणाऱ्याला त्यांच्यातला फरक कळतो. ज्याने फक्त ‘टिक’ ऐकलेली आहे, त्याच्या हाताला मात्र दोन्ही सारखेच. कारखान्यातली काडतुसं वापरणाऱ्याला ‘फट्’ वर्षानुवर्षं ऐकायला मिळत नाही. रीलोडिंग शिकलेल्याला तो ऐकायला मिळण्याची शक्यता वाढते, आणि नेमकी ही गोष्ट रीलोडिंगच्या वर्गात कुणी सांगितली नव्हती. तो विषय रेंजच्या वर्गाचा, असं सगळ्यांनी धरून चाललेलं.

नळीचं तोंड निशाणाच्या दिशेलाच ठेवून पिस्तूल रिकामं केलं, मग उघडून नळी बाहेर काढली. चेंबरच्या, म्हणजे जिथे काडतूस बसतं त्या बाजूने उजेड दिसेना. गोळी बोटभर पुढे जाऊन नळीतल्या खाचांमध्ये रुतली होती. ती चेंबरच्या तोंडाशीच अडकली असती तर पुढचं काडतूस पूर्ण आत बसलं नसतं आणि स्लाइड बंद न झाल्याने पिस्तूल आपोआप निकामी राहिलं असतं. इथे ती इतकी पुढे गेली की पुढचं काडतूस विनातक्रार आत बसलं. चाप ओढला गेला असता तर दुसरी गोळी पहिलीच्या पाठीवर आदळली असती. अशा वेळी नळीला कड्यासारखा फुगवटा येतो किंवा ती फाटते. चांगलं नशीब असेल तर नुकसान नळीपुरतं राहतं.

नळीत तेलाचे थेंब सोडून पितळी कांबीने हलके ठोके देऊन गोळी बाहेर काढली. नळीत ओरखडा नव्हता, फुगवटा नव्हता.

पुंगळीने सांगितलेलं

स्लाइड ओढली तेव्हा बाहेर पडलेली पुंगळी रेंज ऑफिसरने बाजूला काढून ठेवली होती. यासाठी त्यांचं कौतुक करावं तेवढं थोडं, कारण चौकशीचं पहिलं पान तीच होती. तिच्या आत काळी काजळी होती, दुसरं काही नाही. पावडरीला तेल किंवा ओल लागली असती तर अर्धवट जळलेले, पिवळसर, गुठळ्या झालेले कण पुंगळीत, नळीत, मॅगझिनच्या तोंडाशी सांडलेले दिसले असते. असा एकही कण कुठे नव्हता. म्हणजे पावडर खराब नव्हती, ती पुंगळीत पडलीच नव्हती. गोळीला ढकललं ते एकट्या प्रायमरने.

एका पुंगळीत पावडर पडली नाही, तर मशीनवर त्या वेळी काहीतरी क्रम बिघडला होता. आणि एकदा क्रम बिघडला की तो एकाच बाजूला बिघडेल असं नाही. शिक्षकांनी तिथेच सांगितलं की उरलेलं एकही काडतूस झाडायचं नाही.

आता ती तपासायची कशी? त्याने सुचवलं, प्रत्येकाचं वजन करू. ज्यात पावडर नाही ते हलकं लागेल, ज्यात जास्त आहे ते जड. ऐकायला हे अगदी बरोबर वाटतं आणि प्रत्येक नवशिक्याला हेच सुचतं. शिक्षकांनी त्याला अडवलं नाही. सगळी वजनं करायला लावून चढत्या क्रमाने मांडायला लावली. हे त्यांनी फार चांगलं केलं, कारण त्या रांगेने जे शिकवलं ते तोंडी सांगून पटलं नसतं.

हिशोब असा. रीलोडिंगमध्ये वजन ग्रेनमध्ये मोजतात. एक ग्रेन म्हणजे साधारण ६५ मिलिग्रॅम, आणि एका पौंडात ७,००० ग्रेन. ९ मिमीच्या गोळ्या सहसा ११५, १२४ किंवा १४७ ग्रेनच्या असतात. पुंगळी साठेक ग्रेनची. पावडर मात्र चार-पाच ग्रेनच्या आसपास. रेंजवरून वेचलेल्या, वेगवेगळ्या कारखान्यांच्या पुंगळ्यांच्या वजनातच कित्येक ग्रेनचा फरक पडतो, वर गोळ्यांचा फरक वेगळा. हलक्या पुंगळीत दुप्पट पावडर आणि जड पुंगळीत योग्य पावडर तराजूवर सारखीच दिसू शकते. त्या दिवशी तसंच झालं.

मग इनर्शिया पुलर घेतला. हा प्लास्टिकचा पोकळ हातोडा असतो. डोक्यात काडतूस अडकवायचं आणि हातोडा कठीण पृष्ठभागावर आपटायचा. पुंगळी धरलेली असते, गोळी स्वतःच्या वजनाने सुटून खाली येते आणि मागोमाग पावडर. हे कंटाळवाणं काम आहे. डोळ्यांवर चष्मा लावून, प्रत्येकाची पावडर वेगळी तोलून, एकेक करत सगळी काडतुसं उघडली. पावडर नसलेलं दुसरं काडतूस मिळालं नाही. मिळालं ते दुप्पट पावडरीचं. वजनाच्या रांगेत सर्वांत जड दहांमध्ये ते नव्हतंच, मधल्या गर्दीत निवांत बसलेलं होतं.

९ मिमी हे १९०२ सालचं, आकाराने लहान आणि दाबाने मोठं काडतूस. काडतुसांची मानकं ठरवणारी अमेरिकेतली ‘सामी’ ही संस्था त्याची कमाल सरासरी दाबमर्यादा चौरस इंचाला ३५,००० पौंड धरते. .४५ एसीपी या काडतुसासाठी हीच मर्यादा २१,००० आहे, .३८ स्पेशल या काडतुसासाठी १७,०००. ९ मिमीमध्ये मर्यादेच्या वर फार जागा उरत नाही. लवकर जळणाऱ्या पावडरीचं दुप्पट माप तिथे पेटलं, तर पुंगळीचं बूड जिथे चेंबरच्या भिंतीचा आधार नसतो तिथे फुटतं, आणि तापलेला वायू खाली मॅगझिनमध्ये, म्हणजे मुठीत शिरतो. तो सभासद उघडलेल्या पावडरीच्या त्या छोट्या ढिगाकडे बराच वेळ बघत होता. त्याला कुणी काही बोललं नाही. बोलायची गरजच नव्हती.

प्रेसवर पुन्हा एकदा

नोंदवहीत त्या संध्याकाळची एक ओळ होती: ‘प्रायमर आडवा, दोनदा.’ एवढीच. पण ती लिहायची सवय त्याला वर्गाने लावली होती, आणि त्या ओळीमुळे बाकीचं उलगडलं.

त्याचा प्रेस प्रोग्रेसिव्ह होता, म्हणजे एका हँडलमध्ये अनेक कामं होणारा. खाली गोल शेलप्लेट, तिच्यावर चार थांबे. पहिल्या थांब्यावर पुंगळी मापात येते आणि जुना प्रायमर निघतो. हँडल परत जाताना तिथेच नवा प्रायमर बसतो. दुसऱ्यावर तोंड किंचित रुंदावतं आणि पावडर पडते. तिसऱ्यावर गोळी बसते. चौथ्यावर तोंड पुन्हा आवळलं जातं. एका हँडलमध्ये चारही पुंगळ्यांवर एकेक काम. प्लेट मात्र प्रत्येक वेळी हाताने एक घर पुढे फिरवावी लागते.

शिक्षकांनी प्रेसमधली पावडर आणि प्रायमर काढून टाकले, रिकाम्या पुंगळ्या लावल्या आणि त्याला म्हणाले, ‘प्रायमर आडवा झाला तेव्हा तू काय केलंस ते सांगू नकोस, करून दाखव.’

त्याने हँडल ओढलं, परत ढकलताना अडल्यासारखं केलं. पहिल्या थांब्यावरची पुंगळी काढली, आडवा प्रायमर चिमट्याने उचलला, पुंगळी परत लावली. आणि अर्धवट राहिलेलं काम पुरं करायला पुन्हा हँडल ओढलं.

टेबलाभोवती सगळे गप्प झाले. दुसऱ्या थांब्यावरच्या पुंगळीत पहिल्या ओढीलाच पावडर पडलेली होती. प्लेट न फिरवता हँडल दुसऱ्यांदा ओढलं की तिच्यात पुन्हा पावडर पडणारच. तिसऱ्या-चौथ्या थांब्यांवरच्या काडतुसांना दुसऱ्या ओढीने काहीही होत नाही, त्यामुळे चूक झाल्याची खूण कुठेच राहत नाही. त्याचं सगळं लक्ष पहिल्या थांब्यावर होतं, कारण बिघाड तिथे होता. धोका शेजारच्या थांब्यावर तयार झाला.

दुसऱ्या अडथळ्याच्या वेळी उलटं झालं. प्रायमर नीट दिसावा म्हणून त्याने प्लेट एक घर फिरवली, काम केलं, आणि फिरवायचं राहिलं असं वाटून पुन्हा एक घर फिरवली. एक पुंगळी पावडरीच्या थांब्यावरून हँडल न ओढताच पुढे गेली. तिच्यावर गोळी बसली, तोंड आवळलं गेलं, आणि बाहेरून पाहता ती इतरांसारखीच देखणी झाली. स्वयंपाक करताना मध्येच कुणी हाक मारली की भाजीत मीठ पडतच नाही किंवा दोनदा पडतं, तशातली ही चूक. फक्त इथे चव घेऊन बघता येत नाही.

पावडरीची निवडही चुकीला साथ देणारी निघाली. त्याने घेतलेली पावडर दाट आणि लवकर जळणारी होती. चार ग्रेनच्या हिशोबाने एका पौंडात १,७०० हून जास्त काडतुसं होतात, म्हणून ती किफायतशीर. पण तिचं योग्य माप पुंगळीच्या तळाशीच राहतं, आणि दुप्पट मापही गोळी बसण्याइतकी जागा सोडतं. हा धोका .३८ स्पेशलमध्ये आणखी मोठा आहे. ते काडतूस १८९८ सालचं, मुळात काळ्या दारूसाठी आखलेलं, त्यामुळे आजच्या पावडरीच्या मानाने त्याचं पोट फारच मोठं. दाट पावडरीची दोन मापं त्यात सहज मावतात. जुने लोक .३८ भरताना प्रत्येक पुंगळीत डोकावतात ते त्यासाठी.

वर्गात काय राहून गेलं

यात शिक्षकांचा दोष शोधावा असं मला वाटत नाही. त्यांच्या हातून निघालेली काडतुसं त्यांच्या मुलांनीही वापरलेली आहेत. वर्गही निष्काळजी नव्हता. पुंगळी तपासणं, कार्बाइडच्या डायमुळे (डाय म्हणजे पुंगळीला आकार देणारा साचा) सरळ पुंगळीला तेल लावावं न लागणं, पुंगळीच्या बुडाशी एक भोक असेल तर बॉक्सर आणि दोन असतील तर बर्डन पद्धतीचा प्रायमर हे ओळखणं, हे सगळं शिकवलं होतं. (बॉक्सर इंग्रज, पण त्याची पद्धत अमेरिकेत रुजली. बर्डन अमेरिकन, त्याची युरोपात. नवशिक्यांना ही गंमत सांगितली की ती भोकं ते विसरत नाहीत.)

पण वर्गाच्या दिवशी प्रेस शिक्षकांनी आधीच लावून, तपासून, तेल घालून ठेवलेला असे. प्रायमर एकदाही आडवा होत नसे. प्रत्येकाने वीसेक काडतुसं भरायची, सगळी छान निघायची, माणूस आनंदाने घरी जायचा. त्याने पाहिलेलं रीलोडिंग अखंड होतं. घरचं रीलोडिंग तसं कधीच नसतं. डबा रिकामा होतो, पुंगळी वाकडी निघते, फोन वाजतो, मूल खोलीत येतं.

मी शिक्षकांना विचारलं, तुमच्या प्रेसवर प्रायमर आडवा झाला तर तुम्ही काय करता? ते म्हणाले, ‘काही नाही, काढतो आणि पुढे जातो.’ मग त्यांना तसं करून दाखवायला सांगितलं. त्यांचा हात आधी प्लेटवरच्या चारही पुंगळ्यांवर गेला. त्यांनी त्या उचलल्या, दुसऱ्या थांब्यावरची पावडर बाजूच्या वाटीत ओतली, आणि मग प्रायमरकडे वळले. हे आपण करतो हे त्यांना ठाऊकच नव्हतं. इतक्या वर्षांत ते हातात मुरलं होतं, म्हणून शब्दांत कधी आलं नाही, म्हणून वर्गात कधी शिकवलं गेलं नाही. सगळ्या चौकशीत मला याच गोष्टीने सर्वांत जास्त विचारात पाडलं. कसबी माणूस क्रम शिकवतो, कारण क्रम त्याला दिसतो. क्रम तुटल्यावर तो जे करतो ते त्याला स्वतःलाच दिसत नाही. शिकाऊ माणसाचा जीव त्याच्यावर अवलंबून असतो.

वर्ग कसा बदलला

आता पहिले दोन दिवस प्रोग्रेसिव्ह प्रेस झाकून ठेवतात. शिकणं सिंगल स्टेजवर होतं, म्हणजे एका वेळी एकच काम करणारा साधा प्रेस. पन्नास पुंगळ्या मापात आणायच्या, मग पन्नासांना प्रायमर बसवायचे, मग पन्नासांची तोंडं रुंदावायची. प्रायमर बसवलेल्या पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात तोंड खाली करून ठेवायच्या. पावडर पडली की तीच पुंगळी तोंड वर करून ठेवायची. कुठेही हात थांबला तरी ठोकळ्याकडे पाहून कळतं की कुठवर आलो. पन्नास झाल्या की ठोकळ्यावर तिरका उजेड टाकून सगळ्या पुंगळ्यांमध्ये एका नजरेत पाहायचं. पावडरीची पातळी सारखी दिसली नाही तर डोळा लगेच अडतो.

डोळा अडतो हे मात्र शिकवावं लागतं. त्यासाठी शिक्षकांनी काढलेला पाठ मला फार आवडला. ते आधीच एक ठोकळा भरून ठेवतात, त्यात एक पुंगळी रिकामी आणि एक दुप्पट पावडरीची. जिवंत प्रायमर कुठल्याही पुंगळीत नसतो. शिकणाऱ्याने दोन्ही शोधायच्या. पहिल्या खेपेला रिकामी सगळ्यांना सापडते, दुप्पट सापडायला वेळ लागतो. मग तोच ठोकळा हलकी, फुगीर पावडर घालून देतात. तिथे दुप्पट माप पुंगळीच्या तोंडाबाहेर सांडलेलंच असतं. पावडर निवडताना पौंडात किती काडतुसं होतील हे नवशिक्याने पाहायचं नसतं. योग्य माप पुंगळीच्या निम्म्याहून जास्त जागा व्यापतं का, हे पाहायचं असतं. वर्गात हे वाक्य पूर्वीही सांगितलं जायचं. आता शिकणारे ते डोळ्यांनी पाहतात.

अडथळ्याचा पाठ शेवटच्या दिवशी, आणि तो सांगून घेत नाहीत. हँडल मध्यावर असताना शिक्षक मुद्दाम प्रश्न विचारतात, कुणीतरी दार उघडतं, प्रायमरच्या नळीत रिकामी जागा ठेवलेली असते. पाहायचं एकच: हात पहिल्यांदा कुठे जातो. बिघाडाकडे गेला तर पाठ पुन्हा. प्लेटकडे गेला, सगळ्या पुंगळ्या उतरल्या, पावडर वाटीत ओतली गेली, तर बरोबर. त्या पुंगळ्या पुन्हा पहिल्यापासून सुरू करायच्या. दोन-चार पुंगळ्या पुन्हा कराव्या लागल्याने काही बिघडत नाही.

रेंजवरचा अर्धा तासही आता याच वर्गाचा भाग आहे. ‘टिक’ आली तर नळी समोर धरून तीस सेकंद थांबायचं, कारण प्रायमर उशिरा पेटू शकतो. ‘फट्’ आली किंवा धक्का नेहमीपेक्षा कमी वाटला तर पिस्तूल रिकामं करून नळी पाहिल्याशिवाय पुढे काही नाही. स्पर्धेची कवायत शिकलेल्यांना थाप मारायची सवय मोडायला वेळ लागतो. म्हणून नव्या भरलेल्या काडतुसांचा पहिला डबा स्पर्धेत किंवा घाईच्या सरावात वापरायचा नाही. एकेक करून, ऐकत, मधल्या वेळात लक्ष्याकडे पाहत झाडायचा.

बाकीच्या गोष्टी पूर्वीसारख्याच, थोड्या जास्त आग्रहाने. टेबलावर एका वेळी पावडरीचा एकच डबा. काम संपल्यावर मापकातली पावडर त्याच डब्यात परत, मापकात रात्रभर काही नाही. पुस्तिकेतल्या सुरुवातीच्या मापापासून आरंभ, कमाल मापापासून नव्हे. गोळी सांगितलेल्या लांबीपेक्षा खोल बसवायची नाही, कारण आतली जागा कमी झाली की दाब वाढतो. ९ मिमी चेंबरमध्ये पुंगळीच्या तोंडावर टेकतं, म्हणून तोंड फक्त रुंदावलेलं सरळ होईल एवढंच आवळायचं, आणि पिस्तुलातून काढलेल्या नळीत तयार काडतूस स्वतःच्या वजनाने पडतं का ते पाहायचं. प्रायमर बसवताना चष्मा. प्रायमरमध्ये शिशाचं संयुग असतं आणि पुंगळ्या घासण्याच्या धुळीतही शिसं येतं, म्हणून टेबलापाशी खाणंपिणं नाही, आणि काम झाल्यावर साबणाने हात. साठ्याबद्दल एनएफपीए ४९५ हे अमेरिकेतल्या अग्निसुरक्षा संस्थेचं मानक शिकवतात: घरात २० पौंडांपर्यंत पावडर मूळ डब्यांत, त्याहून जास्त असेल तर इंचभर जाडीच्या लाकडी पेटीत, आणि प्रायमर १०,००० पर्यंत. शहराचा अग्निशमन नियम याहून कडक असेल तर तोच मानायचा. त्या संध्याकाळी उघडलेल्या काडतुसांमधली पावडर डब्यात परत गेली नाही. शंका असलेली पावडर फेकून देणंच योग्य.

न मिटलेला वाद

एका मुद्द्यावर आमचं एकमत झालं नाही. काहींचं म्हणणं, प्रोग्रेसिव्ह प्रेस नवशिक्याला द्यायचाच नाही, वर्षभर तरी सिंगल स्टेज. दुसऱ्यांचं म्हणणं, माणूस वर्गाला येतो तेव्हा प्रेस बहुतेक आधीच विकत घेतलेला असतो, आणि तो प्रोग्रेसिव्हच असतो. त्याला घरी पाठवून ‘वापरू नकोस’ म्हटलं तर तो शिकवणीशिवाय वापरेल. त्यांचा उपाय असा की प्रोग्रेसिव्हवरच, पण प्लेटवर एका वेळी एकच पुंगळी ठेवून शिकवावं. चारही थांबे एकाच पुंगळीने फिरायचे. हात प्रेसला सरावतो आणि शेजारच्या थांब्यावर विसरायला काही नसतं.

पावडरीची पातळी तपासणारी डायही कुणीतरी सुचवली. रिकामी किंवा जास्त भरलेली पुंगळी आली तर ती इशारा देते किंवा प्रेस अडवते. चांगली गोष्ट आहे. पण चार थांब्यांच्या प्रेसवर तिला जागा नाही. ती बसवायची तर गोळी बसवणं आणि तोंड आवळणं एकाच डायमध्ये करावं लागतं, आणि ते जुळवणं नवशिक्याला अवघड जातं. शिवाय इशारा देणारं यंत्र असलं की डोकावून पाहणं हळूहळू बंद होतं. मला उजेड जास्त भरवशाचा वाटतो: प्रेसच्या चौकटीला चिकटवलेला छोटा दिवा, थेट दुसऱ्या-तिसऱ्या थांब्यांवर पडणारा, आणि गोळी ठेवण्याआधी प्रत्येक पुंगळीत टाकलेली नजर.

माझा कल एका पुंगळीच्या पद्धतीकडे आहे. ती पद्धत लोक प्रत्यक्ष पाळतील असं वाटतं म्हणून. शिक्षक अजून सिंगल स्टेजच्या बाजूचे आहेत, पण त्यांनी मधला मार्ग काढला आहे. तिसऱ्या दिवशी ज्याचा त्याने स्वतःचा प्रेस घेऊन यायचा, दिवसभर एकाच पुंगळीने चालवायचा आणि अडथळ्याचा पाठ त्याच प्रेसवर द्यायचा. ज्याच्या हातून हे सगळं सुरू झालं तो सभासद सध्या सिंगल स्टेजवर आहे. त्याचा प्रोग्रेसिव्ह प्रेस आता वर्गात असतो. प्रायमरच्या नळीत मुद्दाम गाळलेली जागा त्याच्याच प्रेसमध्ये ठेवतात, आणि ती कुठे ठेवायची हे तोच ठरवतो.